गाईंच्या कुरणात पाच हजार वर्षं

आयर्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर, मेयो काउंटीत, बेल्डेरिग नावाचं एक खेडं आहे. १९३० च्या दशकात तिथले शाळामास्तर पॅट्रिक कॉलफील्ड इतर गावकऱ्यांसारखेच चुलीसाठी पीट कापायला माळावर जात. पीट म्हणजे शेवाळ, गवत, झुडपं पाण्यात पुरती न कुजता थरावर थर साचून झालेली काळी, ओली माती. कापून वाळवली की जळणाला उत्तम. कापता कापता खोलवर फावड्याला दगड लागत. दगडांचं नवल नव्हतं, तो मुलूखच दगडांचा. पण हे दगड एका रेषेत होते, माणसाच्या हातानं रचलेले होते आणि पीटच्या खाली होते. एवढा थर साचायला हजारो वर्षं लागतात, म्हणजे बांध घालणारे त्याच्याही आधीचे, हे मास्तरांच्या ध्यानात आलं. त्यांनी डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयाला पत्र लिहून कळवलं.

खरं संशोधन सुरू व्हायला मात्र १९७० चं दशक उजाडावं लागलं, आणि ते केलं मास्तरांच्याच मुलानं. शेमस कॉलफील्ड पुरातत्त्वज्ञ होऊन त्याच माळावर परतले. सगळं पीट उपसणं शक्यच नव्हतं. काही ठिकाणी थर चार मीटर जाडीचा. त्यांनी गावातलीच एक जुनी युक्ती उचलली. दलदलीत गाडलेली लाकडं शोधायला गावकरी लांब लोखंडी सळई खुपसून बघत. शेमसनी तीच सळई दगडांसाठी वापरली. सळई अडली की खाली बांध; तिथे बांबूची काठी रोवायची आणि पुढे सरकायचं. काठ्यांच्या रांगा वाढत गेल्या तसा माळावर शेतांचा नकाशा उभा राहिला. समांतर बांध, मधे वस्तीच्या जागा, दगडी थडगी, असा सुमारे हजार हेक्टरांचा पसारा. हेच आजचे केजे फील्ड्स. त्यांचं वय साडेपाच हजार वर्षांहून जास्त सांगितलं जातं. हे बांध एवढे जुने नाहीत, पुष्कळ नंतरच्या कांस्ययुगातले असावेत, असा आक्षेप अलीकडे घेतला गेला आहे आणि तो वाद मिटलेला नाही. तिथे सहली नेणारा चांगला वाटाड्या ही गोष्ट लपवत नाही.

आयर्लंडचं पुरातत्त्व आणि तिथलं ग्रामीण जीवन या दोन्हींना एकाच सहलीत गुंफायची पद्धत का पडली, याचं उत्तर बेल्डेरिगच्या मास्तरांत आहे. त्या देशात या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. थडगं कुणाच्या तरी कुरणात असतं, जुना कोट कुणाच्या तरी गोठ्यामागे. सापडलं ते बऱ्याचदा बटाटे खणताना, पीट कापताना, रस्त्यासाठी दगड काढताना. टिकलं ते शेतकऱ्यामुळे, आणि मोडलं तेही पुष्कळदा त्याच्याच हातून. फक्त दगड दाखवून परत आणणारी सहल म्हणजे अर्धी सहल.

अशा सहली बहुधा आठ-दहा दिवसांच्या, दहा-पंधरा माणसांच्या, आणि सोबत पुरातत्त्वाचा अभ्यास असलेला वाटाड्या. लहान गट ही चैन नव्हे, गरज आहे. पश्चिमेकडचे गावरस्ते एवढे अरुंद की समोरून ट्रॅक्टर आला तर एकाला मागे हटावं लागतं. पन्नास आसनी बस तिथे शिरूच शकत नाही. केरीच्या प्रसिद्ध वळसा-रस्त्यावर मोठ्या बसगाड्या ठरवून घड्याळाच्या उलट दिशेनंच फिरतात, समोरासमोर येऊन अडकू नयेत म्हणून! मोहरचे कडे, ब्लार्नीचा दगड, गिनेसचा कारखाना असं सगळं पाच दिवसांत उरकणाऱ्या सहलींचा रस्ता तो. त्यात वाईट काही नाही, पण ती गोष्ट निराळी.

सुरुवात बहुतेक वेळा डब्लिनच्या किल्डेअर स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय संग्रहालयात होते. तिथे सोनं भरपूर आहे. लिमरिक काउंटीतल्या आर्डा इथला आठव्या शतकातला चांदीचा चषक तर आयरिश कारागिरीचा कळस मानला जातो. तो सापडला १८६८ मध्ये, एका जुन्या गोल कोटाच्या आत बटाटे खणणाऱ्या पोरांना. पण पाहुण्यांचे पाय खिळतात ते दलदलीतल्या माणसांपाशी. २००३ साली काही महिन्यांच्या अंतरानं दोन देह मिळाले, मीथमधल्या क्लोनीकॅव्हनचा आणि ऑफलीमधल्या ओल्डक्रोहनचा. दोघेही इ.स.पू. चौथ्या ते दुसऱ्या शतकांच्या दरम्यान मारले गेलेले. पीटमध्ये प्राणवायू जवळजवळ नसतो आणि आम्लता भरपूर असते, त्यामुळे कातडी, केस, नखंसुद्धा शाबूत राहिली. ओल्डक्रोहनचा देह इतका ताजा वाटत होता की आधी पोलिसांना बोलवावं लागलं. त्याची नखं नीट कापलेली, हात कष्टाचे नाहीत, उंची सहा फुटांहून जास्त. क्लोनीकॅव्हनच्या माणसानं केस उंच बसवायला वनस्पतीचं तेल आणि पाइनची राळ लावली होती, आणि ती राळ आली होती फ्रान्सच्या नैऋत्येकडून किंवा स्पेनमधून. दोघांचाही मृत्यू भयंकर हालांनी झाला. तेव्हा संग्रहालयात असलेले पुरातत्त्वज्ञ नेड केली यांचं म्हणणं असं की हे जुन्या राज्यांच्या सीमांवर बळी दिलेले राजे किंवा राजपदाचे दावेदार असावेत. पटण्यासारखं आहे, सिद्ध झालेलं नाही.

डब्लिनपासून तासाभरावर बॉइन नदीचं वळण आहे. त्या वळणात न्यूग्रेंज, नाउथ आणि डाउथ ही तीन मोठी थडगी, आणि भोवती लहान कितीतरी. १९९३ पासून हा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. न्यूग्रेंज इ.स.पू. ३२०० च्या सुमाराचं, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडहून पाच-सहा शतकं जुनं. सुमारे ८५ मीटर व्यासाचा ढिगारा, तळाशी ९७ मोठ्या दगडांचं कडं आणि आत जाणारी १९ मीटरांची अरुंद वाट. १६९९ मध्ये जमीनमालकानं रस्त्यासाठी दगड काढायला लावले तेव्हा तिचं तोंड उघडं पडलं.

इथली सर्वांत चांगली गोष्ट गावकऱ्यांच्या बोलण्यातून आलेली आहे. वर्षातल्या एका दिवशी उगवता सूर्य आतपर्यंत येतो, असं लोक सांगत असत. १९६२ पासून उत्खनन करणारे प्राध्यापक मायकल ओकेली यांना आधी वाटलं, लोक इंग्लंडच्या स्टोनहेंजशी गल्लत करतायत. पण दाराच्या वर त्यांना एक चौकोनी झरोका सापडला. दारातून येणारा प्रकाश वर चढत्या वाटेमुळे आतवर पोचणार नाही, झरोक्यातून मात्र पोचेल. २१ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ते एकटे आत जाऊन बसले. सूर्य उगवल्यावर काही मिनिटांतच किरणांची रेघ सरकत गाभाऱ्याच्या मागच्या दगडाशी आली. सुमारे सतरा मिनिटं ती राहते. लोक बरोबर होते.

न्यूग्रेंजच्या दर्शनी भागातली पांढऱ्या गारगोट्यांची झगझगीत भिंत मात्र पाहुण्यानं थोड्या संशयानं बघावी. गारगोट्या अस्सल, थेट दक्षिणेकडच्या विकलो डोंगरांतून आणलेल्या. पण त्या जमिनीवर पडलेल्या सापडल्या आणि ओकेलींनी त्या अशा उभ्या भिंतीत होत्या असं मानून भिंत उभारली. काहींच्या मते त्या दारापुढच्या फरसबंदीच्या होत्या. आजची भिंत काँक्रीटच्या आधारावर उभी आहे. पाच हजार वर्षांपूर्वीच्या लोकांपेक्षा ती १९७० च्या दशकाबद्दलच जास्त सांगते, असं म्हणायला हरकत नाही. शेजारच्या नाउथला अशी रंगरंगोटी कमी आणि कोरीवकाम अफाट. जॉर्ज ओगन यांनी तिथे चार दशकांहून जास्त काळ खोदकाम केलं.

या वळणातली जमीन अजून बोलते आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात दुष्काळ पडला आणि पिकं करपायला लागली. तेव्हा दोन हौशी अभ्यासकांच्या ड्रोननं न्यूग्रेंजजवळच्या शेतात एक प्रचंड वर्तुळ टिपलं. जमिनीखाली जुने खड्डे असलेल्या जागी ओल जास्त टिकते, पीक हिरवं राहतं, आणि वरून नकाशा उमटतो. दोन वर्षांनी डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी न्यूग्रेंजमधल्या एका पुरुषाच्या डीएनएवरून दाखवलं की त्याचे आईवडील सख्खे भाऊबहीण किंवा पालक-अपत्य असे अगदी जवळचे होते. मग तिथे ‘राजघराणं’ होतं का? वर्तमानपत्रांनी होय म्हणून टाकलं. एका हाडावरून अख्खी राजवट उभी करू नका, असं म्हणणारे पुरातत्त्वज्ञही पुढे आले.

पश्चिमेकडे निघालं की देशाच्या मध्यावर सपाट, तपकिरी पीटचे माळ लागतात. लाँगफर्ड काउंटीत कॉर्लेला त्या पीटमधून ओक लाकडाचा रस्ता निघाला. झाडाच्या कड्या मोजून त्याचं वय नेमकं ठरवता आलं, कारण ओंडके इ.स.पू. १४८ च्या सुमारास तोडलेले. तीन-चार मीटर लांबीच्या फळ्या आडव्या टाकून केलेला, गाड्या जाण्याजोगा रुंद रस्ता. शेकडो झाडं आणि कुणास ठाऊक किती माणसांची मेहनत, आणि एवढं करून तो जेमतेम दहा वर्षांत स्वतःच्याच वजनानं खाली गेला. कुणीतरी सत्तेच्या तोऱ्यात मोठा प्रकल्प काढला आणि तो फसला, हा अर्थ तिथे उभं राहिल्यावर आपोआप मनात येतो. बॅरी रॅफ्टरी यांनी खोदकाम केलं आणि अठरा मीटरांचा तुकडा आता दमट हवेच्या खास दालनात जपला आहे.

तो रस्ता उघडा पडला तो सरकारी पीट कंपनीच्या यंत्रांमुळे. बोर्ड ना मोना ही कंपनी १९४६ पासून वीज आणि जळणासाठी पीट काढत होती; पुरावे तिच्यामुळे जितके उजेडात आले तितकेच नष्टही झाले. पीट खणलं की साठलेला कार्बन हवेत जातो, म्हणून जानेवारी २०२१ मध्ये कंपनीनं हे काम कायमचं थांबवल्याचं जाहीर केलं. घरापुरतं पीट कापण्याचे जुने हक्क अजून आहेत आणि त्यावरून गावोगाव तावातावानं बोललं जातं. सहलीत एखादा म्हातारा शेतकरी अरुंद पात्याच्या फावड्यानं पीट कसं कापायचं, ओल्या विटा उभ्या टेकवून कशा वाळवायच्या ते करून दाखवतो. पूर्वी हे काम शेजारीपाजारी मिळून, आज तुझं उद्या माझं, असं होई. थेट आपल्याकडची इर्जिक. त्याच्या आजोबांचं जळण हे आता हवामानाचं पाप ठरलंय, याबद्दल त्याचं मत विचारावं. उत्तर लांब असतं आणि ऐकण्यासारखं असतं.

शॅनन नदीकाठचा क्लोनमॅकनॉइसचा सहाव्या शतकातला मठ, त्याचे कोरलेले उंच क्रूस आणि गोल मनोरे वाटेतच लागतात. पाहावेत, पण त्यांच्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे.

खरा मुक्काम करावा तो क्लेअर काउंटीतल्या बरेनमध्ये. नजर जाईल तिथवर राखाडी चुनखडीचा उघडा कातळ, भेगांमध्ये गवत. वरवर पाहता इथे काही पिकणार नाही असं वाटतं, आणि तरी आयर्लंडच्या देशी वनस्पतींपैकी ७० टक्क्यांहून जास्त इथे आढळतात. याचं गुपित गाईंच्या वेळापत्रकात आहे. युरोपच्या डोंगराळ भागांत जनावरं उन्हाळ्यात वर नेतात आणि हिवाळ्यात खाली आणतात. बरेनमध्ये नेमकं उलटं. चुनखडी उन्हाळ्याची ऊब धरून ठेवते, पाणी कातळातून झिरपून जातं, त्यामुळे हिवाळ्यात वर कोरडं राहतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गुरं वर जातात, वाळलेलं दाट गवत खाऊन टाकतात आणि वसंताच्या तोंडाशी खाली येतात. मग मोकळ्या झालेल्या जागेत जेन्शियनची गडद निळी फुलं, ऑर्किड, सगळं उमलतं. गुरं वर न्यायचं सोडलं तेव्हा झुडपं माजली, फुलं गेली आणि दगडी अवशेषही काट्यांत बुडाले. म्हणून तिथे शेतकऱ्यांना बरोबर घेऊन एक योजना आखली गेली. कुरणाला निसर्गाच्या स्थितीवरून दहापैकी गुण द्यायचे आणि गुणांप्रमाणे पैसे. कसं करायचं ते शेतकऱ्यानं ठरवायचं. ऑक्टोबरच्या अखेरीस गुरं वर नेण्याचा सण होतो आणि गुरांमागे गावकरी, शहरी, पाहुणे असा सगळा लोंढा चालतो. सहलीची तारीख निवडता येत असेल तर हीच निवडावी.

त्याच कातळावर पोलनाब्रोनचं थडगं आहे. उभ्या शिळांवर तिरकी टेकवलेली एक मोठी शिळा, पोस्टकार्डांवर हजारदा छापलेली. १९८० च्या दशकात एका उभ्या शिळेला तडा गेला, म्हणून दुरुस्तीआधी अ‍ॅन लिंच यांनी उत्खनन केलं. आत तीसहून जास्त माणसांची हाडं निघाली, सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीची. त्यात सहाएक महिन्यांचं एक बाळ होतं, आणि २०२० मध्ये डीएनएवरून कळलं की त्याला डाउन सिंड्रोम होता. तोपर्यंत जगात सापडलेला तो सर्वांत जुना नमुना. त्या बाळालाही इतरांच्या बरोबरीनं त्याच थडग्यात जागा मिळाली होती. हे ऐकल्यावर फोटो काढायची घाई जरा कमी होते. कमी व्हायला हवी आणखी एक खोड. आठवण म्हणून आजूबाजूचे दगड उचलून छोटी-छोटी खेळण्यातली थडगी रचायची. त्यासाठी कातळ उखडला जातो आणि खऱ्या अवशेषांत खोट्यांची भर पडते.

बरेनच्या किनाऱ्यावरून आरन बेटं दिसतात. इनिश मोरवरचा डून एंगस हा अर्धवर्तुळाकार दगडी कोट सुमारे ९० मीटर उंच कड्याच्या टोकाशी जाऊन संपतो. त्याची सुरुवात इ.स.पू. ११०० च्या आसपासची. कड्याला कठडा नाही, वारा आडदांड, तेव्हा शहाणा माणूस कडेला पालथा पडून खाली बघतो. पण बेटाचं खरं आश्चर्य कोटाच्या खाली पसरलंय. ही जमीन बेटवाल्यांनी स्वतः तयार केली आहे. कातळावर वाळू आणि समुद्री शेवाळ पाठीवरून वाहून आणून थर दिला, त्यात बटाटे लावले. उरलेल्या दगडांच्या भिंती घातल्या, चुन्याशिवाय, एकेरी, मधे फटी ठेवून, म्हणजे वारा गाळून जावा आणि भिंत पडू नये. शेताला फाटक नसतं. गाय आत घ्यायची तर भिंतीचा ठरावीक तुकडा उतरवायचा आणि ती गेली की पुन्हा रचायचा. बिनचुन्याच्या दगडी बांधकामाची ही कला २०२४ मध्ये आयर्लंडच्याही नावानं युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. काही सहलींत भिंत रचण्याचा अर्ध्या दिवसाचा पाठ असतो. दहा माणसांनी दुपारभर खपून दोन मीटर भिंत होते, आणि तीही उस्ताद नंतर मोडून पुन्हा लावतो.

आयर्लंडमध्ये गोल मातीचे किंवा दगडी कोट सुमारे ४५ हजार आहेत. बहुतेक सहाव्या ते दहाव्या शतकांतले, म्हणजे त्या वेळच्या शेतकऱ्यांची घरं आणि गुरांचे वाडे. नांगरापुढे ते इतक्या संख्येनं टिकले कसे? उत्तरातला मोठा वाटा भीतीचा. हे कोट परींचे, असा समज. आयरिश परी म्हणजे पंखवाली गोंडस मुलगी नव्हे. ती जमात मानी, चिडखोर आणि सूड न विसरणारी. तिच्या कोटावर नांगर घातला तर गुरं मरतील, घरात आजारपण येईल. या श्रद्धेनं जेवढी पुरातत्त्वीय स्थळं राखली तेवढी कायद्यानं राखली असतील का, याची शंका आहे. १९९९ मध्ये क्लेअर काउंटीत लाटून इथे नवा रस्ता आखला गेला तेव्हा आड येणाऱ्या एका काटेरी झुडपासाठी कथेकरी एडी लेनिहन उभे राहिले. मन्स्टर प्रांताच्या परी कॉनाक्टच्या परींशी लढायला जाण्याआधी तिथे जमतात, ते तोडलं तर रस्त्यावर अपघात होतील, असं त्यांनी जाहीर सांगितलं. बातमी परदेशी वर्तमानपत्रांपर्यंत गेली. रस्ता झाला, झुडूपही राहिलं. आता मात्र मोठी यंत्रं आली आहेत, तरुण शेतकऱ्यांना परींची भीती उरलेली नाही, आणि कोट सपाट होण्याचे प्रकार घडतात.

या गोष्टी गोळा कुणी केल्या? १९३५ मध्ये स्थापन झालेल्या आयरिश लोकसाहित्य आयोगानं. त्यानं १९३७ ते १९३९ या काळात सरकारी शाळांतल्या वरच्या वर्गांच्या मुलांना वह्या दिल्या आणि आजीआजोबांकडून, शेजाऱ्यांकडून ऐकलेलं लिहून आणायला सांगितलं. पाच हजार शाळा, सुमारे ५० हजार मुलं, सात लाखांहून जास्त पानं. औषधी झाडं, पुरलेलं सोनं, विहिरींचे नवस, भुताटकी, दुष्काळाच्या आठवणी. सगळं आता इंटरनेटवर मोफत वाचता येतं. हुशार वाटाडे एखाद्या गावात शिरण्याआधी त्याच गावच्या शाळेतल्या वहीचं पान उघडतात आणि नव्वद वर्षांपूर्वीच्या पोराच्या अक्षरात त्या टेकडीची गोष्ट वाचून दाखवतात. मेयोमधल्या टर्लाक पार्कला राष्ट्रीय संग्रहालयाची ग्रामीण जीवनाची शाखा २००१ मध्ये उघडली. तिथे गवताच्या दोऱ्या, पेंढ्याचे मुखवटे, कातडी होड्या, ब्रिजिट संतिणीचे लव्हाळ्याचे क्रूस असा गरिबीतून आलेल्या कसबाचा ठेवा आहे.

मेयोतच अकिल बेटावर स्लीव्हमोर डोंगराच्या पायथ्याशी ऐंशी ते शंभर पडक्या घरांची एक रांग आहे. छपरं गेली, भिंती उभ्या. १८४५ ते १८५२ च्या दुष्काळात बटाट्यावरच्या रोगानं दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि साधारण तितकीच देश सोडून गेली. १८४१ मध्ये अख्ख्या आयर्लंड बेटाची लोकसंख्या ८० लाखांवर होती. आजही तो आकडा पुन्हा गाठलेला नाही. पाहुण्यांना वाटतं, हे गाव दुष्काळात एका रात्रीत ओस पडलं. तसं नाही. हलाखी, जमीनदारी, स्थलांतर यांनी ते हळूहळू रिकामं झालं, आणि नंतरही कित्येक वर्षं लोक उन्हाळ्यात गुरं घेऊन तिथल्या घरांत राहायला येत. १९९१ मध्ये तिथे विद्यार्थ्यांची उत्खनन शाळा सुरू झाली. घरांच्या आजूबाजूला तिरक्या उन्हात समांतर सरी दिसतात. त्या बटाट्याच्या वाफ्यांच्या. त्याच उतारावर वरच्या बाजूला पाषाणयुगातलं थडगं आहे. म्हणजे एकाच चढणीवर पाच हजार वर्षांची वस्ती.

दक्षिणेला ७६४ मीटरांचा क्रो पॅट्रिक दिसतो. जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो लोक त्यावर चढतात, काही अनवाणी, घसरत्या दगडांवरून. त्याची कथा संत पॅट्रिकची, पण डोंगर त्याच्याही आधीपासून पूज्य असावा, असं मानायला आधार आहे. काही किलोमीटरांवर बोहे इथे वाटीसारखे खळगे आणि कडी कोरलेली एक शिळा आहे. वर्षातून दोनदा, १८ एप्रिल आणि २४ ऑगस्टच्या सुमारास, तिथून बघणाऱ्याला मावळता सूर्य शिखरावर टेकतो आणि डोंगराच्या उतारावरून गडगडत खाली गेल्यासारखा दिसतो, ढग नसतील तर. शिळा एका घराच्या शेजारी आहे. ढग नसतील तर.

‘घराच्या शेजारी’ याला इथे महत्त्व आहे. आयर्लंडमध्ये कुणाच्याही जमिनीतून चालण्याचा सरसकट हक्क नाही. सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्याकडे मोठी स्थळं आहेत, पण असंख्य अवशेष खासगी शेतांत आहेत. जाणाऱ्यानं विचारावं, फाटक जसं होतं तसं ठेवावं, मेंढ्यांच्या शेतात कुत्रा नेऊ नये. मीथमधल्या फोरनॉक्स थडग्याची किल्ली जवळच्या घरातून अनामत ठेवून घ्यायची जुनी रीत आहे. परवान्याशिवाय जुन्या वस्तू शोधायला धातुशोधक यंत्र वापरणं गुन्हा आहे. स्लायगोजवळच्या नॉकनारे डोंगरावर दंतकथेतल्या राणी मेव्हच्या नावाचा दहा मीटर उंच दगडांचा ढीग आहे. त्याच्यावर चढू नका, अशी विनंती केली जाते. तो कधीही उत्खनन न झालेला आहे आणि चढणाऱ्यांच्या पायांनी ढासळतो आहे. अनुभवी वाटाड्याची किंमत इथे कळते. बरीच वर्षं येणंजाणं असल्यामुळे त्याला शेतकरी नावानं ओळखतो आणि कित्येकदा स्वतःच सोबत येऊन आपल्या शेतातल्या थडग्याबद्दल बोलतो.

महाराष्ट्राचा या गोष्टीशी एक जुना, विसरलेला धागा आहे. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’चे लेखक फिलिप मेडोज टेलर निजामाच्या नोकरीत होते. सुरपूर संस्थानाचा कारभार त्यांनी पाहिला, पुढे नळदुर्ग जिल्हाही सांभाळला. सुरपूर भागातल्या शिलावर्तुळांची आणि दगडी थडग्यांची त्यांनी मोजमापं घेतली, काही खोदली. निवृत्तीनंतर ते डब्लिनला स्थायिक झाले आणि दख्खनच्या या थडग्यांवरचा त्यांचा सचित्र निबंध १८६० च्या दशकात रॉयल आयरिश अकादमीनं छापला. आयर्लंडच्या आणि दख्खनच्या थडग्यांत त्यांना एकाच वंशाच्या लोकांची खूण दिसली. ते अनुमान पुढे टिकलं नाही. दख्खनची शिलावर्तुळं, नागपूरजवळच्या जुनापाणीची धरून, लोहयुगातली. न्यूग्रेंज त्यांच्याहून दोन हजारांहून जास्त वर्षांनी जुनं. पण मोठ्या दगडांखाली मृतांना ठेवण्याची कल्पना दोन्हीकडे स्वतंत्रपणे सुचली, हे कमी रंजक नाही. नागपूरहून जाणारा पाहुणा पोलनाब्रोनपुढे उभा राहताना थोडी जास्त शिदोरी घेऊन गेलेला असतो.

जाणाऱ्यांसाठी काही व्यावहारिक गोष्टी. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, त्यामुळे युरोपच्या त्या व्हिसावर तिथे उतरता येत नाही. भारतीयांसाठी ब्रिटन आणि आयर्लंड यांची संयुक्त व्हिसा योजना आहे; व्हिसावर तसा शेरा असेल तर एकाच व्हिसावर दोन्हीकडे जाता येतं. सहल उत्तर आयर्लंडमध्ये शिरणार असेल तर हे आधी पाहावं, कारण तो भाग ब्रिटनचा आहे आणि सीमेवर चौकी नसली तरी कायदा असतो. मे-जूनमध्ये दिवस लांब, बरेनमध्ये फुलं. पाऊस कुठल्याही महिन्यात. न्याहारीच्या ताटातलं काळं सॉसेज रक्ताचं असतं, शाकाहाऱ्यांनी आधीच सांगून ठेवावं. सोडा ब्रेड आणि लोणी मात्र पोटभर मिळतं. संध्याकाळी पबमध्ये कोपऱ्यातल्या खुर्च्या रिकाम्या दिसल्या तरी बसू नये, त्या वादकांच्या असतात.

आणि न्यूग्रेंजचा तो हिवाळी सूर्योदय आतून बघण्याचं आश्वासन कुठल्या माहितीपत्रकात असेल, तर ते माहितीपत्रक बाजूला ठेवावं. आतल्या जागा सोडतीनं मिळतात. अर्ज काही वर्षी तीस हजारांवर गेले आहेत, सप्टेंबरच्या अखेरीस स्थानिक शाळेतली मुलं नावं काढतात, आणि ज्यांचं नाव निघतं त्यांनाही डिसेंबरातल्या त्या सकाळी ढग आले तर अंधारात उभं राहून बाहेर यावं लागतं.